पावसातलं तुझं फिरायला जाणं

आये,

आज सकाळपासून पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि वडाळ्याच्या या घरात सगळे नुसते लोळतायत. मुलगा पांघरुणात, नातवंडं मोबाइलमध्ये, आणि सून चक्क मला म्हणते, आई, आज राहू दे तुमचं फिरणं. इतर दिवशी हीच मला हाताला धरून दाराबाहेर काढते. साखर आहे ना, तुझ्याकडून आलेली. मग रोज का घालवते आणि आज का थांबवते? मी गेल्यावर ही दोघं काय बोलतात? काहीतरी पाणी मुरतंय खास. तू माझ्याबद्दल म्हणायचीस, ह्या पोरीच्या डोळ्यांत पोलीस बसलाय. बसलाय तर बसलाय. खिडकीशी बसून चहा घेतला आणि तुझी आठवण आली.

तू तर दिवसभर पायांवर उभीच असायचीस. लालबागच्या त्या एका खोलीत आपल्या गावाकडचे गिरणीतले गडी खाणावळीला. एक पाळी जेवून उठली की दुसरी ताटावर. आणि त्यात डॉक्टरने साखर सांगितली, रोज चाला म्हणाला, म्हणून दुपारी भांडी उपडी घातलीस की तू निघायचीस. चाळीत सगळे हसले. चुलीपुढे नाचणाऱ्या बाईला आणखी कसलं चालणं? बायका बाजारात जात, नळावर जात, देवळात जात. पण कुठेच न जाता नुसती चालणारी बाई कुणी पाहिली नव्हती. मीसुद्धा. त्यात माझी नजर मेली वाईट. भर पावसात एवढा वेळ चालून यायचीस, आणि लुगडं ओलं ते फक्त पावलांपाशी. धाप नाही, घाम नाही, उलट चेहरा चांगली झोप झाल्यासारखा. मी मनात टिपून ठेवलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आपल्याकडे जेवणाऱ्या दोघांना मोर्चाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी उचललं आणि तेव्हापासून जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागला. साध्या वेशातला पोलीस समजून एका गरीब चणेवाल्यालाही लोकांनी पिटाळलं. अशात एक दिवस गिरणीच्या आवारात पाणी शिरलं म्हणून सगळे घरीच. खोलीभर माणसं आडवी, पत्ते, विड्या, आणि सारखा चहा. तू चहा देत होतीस, कांदे चिरत होतीस, आणि दुपारी हात पुसून म्हणालीस, जरा फिरान येतंय. सगळ्यांनी पत्ते खाली ठेवले. तू जिना उतरलीस तसा खाणावळीतला सगळ्यात जुना माणूस, बाबांच्याच वाडीतला, शांतपणे म्हणाला की त्या दोघांची नावं बाहेर कुणी नेली ते अजून कळलेलं नाही, आणि असल्या पावसात वहिनी कुठे जाते तेही कुणाला माहीत नाही. आम्ही उद्यापासून दुसरीकडे जेवू. बाबांचं तोंड उतरलं. तसं काही निघालं तर पाऊस सरल्यावर पहिल्या बोटीने तिला गावाला पोचवीन, पुन्हा मुंबई दाखवणार नाही, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. मग मला म्हणाले, जा, मागनं जा, बघून ये. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. कुणीतरी सांगायची वाटच बघत होते जणू, लगेच निघाले.

तू पोलीस चौकीच्या बाजूला वळलीस तेव्हा मी कोपऱ्यावरच थबकले. पण चौकी मागे टाकून तू सरळ परळच्या मोठ्या इस्पितळात शिरलीस. लगेच माझ्या डोक्यात दुसरं. इथे कोण हिचं? आत ओळीने बाकडी, आपापल्या माणसाची वाट बघत बसलेले लोक. तू कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसलीस, पाय लांब केलेस, हात मांडीत टाकलेस आणि बसून राहिलीस. कुणी आलं नाही. तू कुणाशी बोलली नाहीस. मी खांबाआडून बघत होते, शेवटी मलाच शिंक आली. तू वळून बघितलंस, दचकली नाहीस, रागावली नाहीस. सरकून जागा केलीस.

"घरात बसलंय की कोणतरी उठवता," तू म्हणालीस. "हय कोण उठवणा नाय. सगळ्यांका वाटता, हिचा कोणतरी आत आसा."

मी बसले. मला रडू आलं आणि रागही आला, रागच जास्त. घटकाभर टेकायला माझ्या आईला आजारी माणसाचं सोंग घ्यावं लागत होतं. आपण दोघी पागोळ्यांकडे बघत बसलो.

घरी आल्यावर बाबांनी मला गॅलरीत घेतलं. "काय बगलंस?"

"चालता. नुसती चालता."

"खरां?"

"खरां."

बाकड्याचं सांगून उपयोग नव्हता. खबरी बाई त्यांना पटत होती. इस्पितळात जाऊन रिकामी बसणारी बाई कुणालाच पटली नसती. बाबांनी आत जाऊन सांगितलं, पोरीने डोळ्यांनी बघितलंय. जुन्या माणसाने मान हलवली आणि पत्ते पिसले. दुसऱ्या दिवशीही सगळे आपल्याकडेच जेवले. तुझ्यावर विश्वास बसला असं नव्हे, माझ्यावर बसला. त्या दिवशी तू माझ्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा वाढलास आणि पुढच्या ताटाकडे गेलीस.

हे लिहिलेलं सुनेच्या हाती नको लागायला, फाडूनच टाकीन. पण एक सांगायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात मी परत तुझ्या मागे आले होते. या खेपेला कुणी पाठवलं नव्हतं, माझीच खात्री होईना. तू त्याच बाकड्यावर होतीस, बाजूच्या जागेवर हात पसरून. एक बाई टेकायला आली तर तिला म्हणालीस, "हय माणूस येवचा आसा." मी म्हटलं, सापडली! खांबाला चिकटून त्या माणसाची वाट बघत उभी राहिले. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, बाकडी रिकामी झाली, तरी कुणी आलं नाही. मग तू हात उचललास आणि उठलीस. ज्या माणसासाठी जागा धरली होतीस ती मी, खांबाआड उभी होते, आये.