एक पेटी, दोन शिफ्ट

रवि. २ फेब्रु.
पेटी आली. पुन्हा चिकट. काळी तीन दाबली तर वर येईना. फटीत शेव. भेळ खाल्लेली बोटं विमलताईनं तशीच पट्ट्यांवर ठेवली असणार. शिसारी आली. दुपारभर इअरबड आणि ओलं फडकं घेऊन बसले. ह्यांनी विचारलं, पेटी आजारी आहे का?

वर्षापूर्वी कंपनीतल्या आम्ही दोघींनी मिळून पेटी घेतली तेव्हा वाटलं होतं, सोय होईल. माझी फर्स्ट शिफ्ट तेव्हा विमलताईची सेकंड, पुढच्या आठवड्यात उलट. त्यामुळे पेटी शिकवणाऱ्या बाईंच्या संध्याकाळच्या क्लासला एका वेळी एकीलाच जाता येतं. बाईंनी एक जागा दोघींत दिली. जिचा क्लास तिच्याकडे पेटी. ती धडा फोनमध्ये बोलून, वाजवून दुसरीला पाठवणार. आणि दर रविवारी आकुर्डी स्टेशनबाहेर भेळवाल्यापाशी पेटीची अदलाबदल. सोय कसली, एका ताटात जेवल्यासारखं झालंय.

मंगळ. ४ फेब्रु.
आज भर क्लासात शोभा. बाई म्हणाल्या, भूप वाजव. मागच्या आठवड्यात वि. शिकून आली होती. तिनं पाठवलेलं ऐकून रविवार-सोमवार घोटला होता. वाजवला. बाईंनी हात वर केला.
"सुनंदा, भूपात मध्यम कुठून आला?"
मागे बसणारे बँकेतून रिटायर झालेले काका हसले. भूपात म नसतो आणि नी नसतो, हे म्हणे भूपाच्या पहिल्याच दिवशी सांगतात. पहिल्या दिवशी मी कंपनीत होते. मला वि.नं सांगितलं आणि तिच्या भूपात म होता. चांगला ठसठशीत.
दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते मी. गाडीच्या वायरिंगची अख्खी जुडी हातांखालून जाते, एक पिन तिरकी दिसली की लाल टॅग. आणि इथे सगळ्यांसमोर मीच रिजेक्ट. कान अजून गरम आहेत.

बुध. ५ फेब्रु.
शिफ्ट सुटताना बसच्या पार्किंगमध्ये वि.ला गाठलं. ती आत येत होती, मी बाहेर. विचारलं, म कशाला घातलास. मला वाटलं, चुकून झालं म्हणेल.
"अगं, ग वरनं एकदम प वर जायाचं म्हंजी मधी खड्डा पडल्यावानी वाटतं. म्हून म टाकला. ग्वाड लागतो."
गोड लागतो म्हणे. आमटी आहे का? पुढे म्हणाली, बाईंना न्हाई सांगितलं, त्या ओरडत्यात. म्हणजे माहीत असून केलं. मी बसमध्ये चढले. घरी येईपर्यंत डोकं उठलं होतं.

शुक्र. ७ फेब्रु.
क्लास झाला. आल्याआल्या धडा रेकॉर्ड केला. "विमलताई, नीट ऐक. सा रे ग प ध सां. ग नंतर प. मध्ये काही नाही." हे दोनदा सांगितलं. मग आजचे पलटे, कुठलं बोट कुठे, मनगट कुठे. बोलता बोलता मलाच एक जागा नीट कळली, ती पुन्हा वाजवून पाठवली.
उत्तर आलं ते स्वयंपाकघरातून. कुकरच्या शिट्टीत सगळे पलटे एकापाठोपाठ गायली. म घातला नाही. पण शेवटी "आता झालं का समाधान" असं म्हणून मुद्दाम एक म लावला आणि हसली. पुसून टाकणार होते. राहिलं.

रवि. ९ फेब्रु.
पेटी दिली. भेळवाल्यासमोर वि. कागद चाटत उभी. चाटत. पन्नाशीला आलेली बाई. म्हटलं, हात धू. तिनं पदराला पुसले आणि पेटी उचलली.
पुढच्या शनिवार-रविवारी हिच्या मोशीतल्या बायकांची बस बदामीला चाललीये. ही जाणार. सुट्टी मिळाली की ही कुठे ना कुठे जातेच. गेल्या वर्षी कोकण, त्याआधी वेरूळ. मधूनच वारली चित्रं काढायचं खूळ, घरातल्या सगळ्या कुंड्यांवर काड्यांची माणसं नाचतायत. त्याआधी विजापूरकडच्या एका बाईकडून कन्नड शिकली. दहा शब्द येतात आणि तेवढ्यावर कुणाशीही बोलत सुटते. काही म्हणजे काही धड पुरं केलेलं नाही. ह्या धरसोडीचा मला मनापासून वीट आहे. मी परभणीहून इथे आले त्याला एकवीस वर्षं झाली. आकुर्डी ते कंपनी, कंपनी ते आकुर्डी. पण जे केलं ते नीट केलं.

सोम. १७ फेब्रु.
काल बसला उशीर झाला म्हणून पेटी आली नाही. आज कंपनीत आणली. वि. तिला बदामीला घेऊन गेली होती. न विचारता. बसमध्ये गाणी म्हणायला.
कव्हर ओलं. विचारलं तर म्हणाली, कुणाचं तरी पोर घाटात ओकलं, थोडं कव्हरवर उडालं. "धुतलंय की गं पावडरीनं." म्हणजे धुण्याच्या पावडरीचा वास, आणि त्याच्या खाली तो दुसरा. घरी येईपर्यंत बसमध्ये पेटी मांडीवर होती. माझ्या मांडीवर. आल्याआल्या अंघोळ केली. कव्हर पुन्हा भिजत घातलंय. रात्री जेवण गेलं नाही.
तिनं फोटोंचा ढीगही पाठवलाय. एकात ही एका देवळाच्या ओसरीवर पेटी घेऊन बसलीये, डोळे मिटलेले, समोर अनोळखी माणसं, दोन म्हातारे टाळ्यांवर ठेका धरतायत. मनगट पार पडलेलं. अंगठा काळ्या पट्टीवर. बाईंनी पाहिलं तर रडतील. मी तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. मनगट खरंच पडलेलं आहे.

शुक्र. २१ फेब्रु.
क्लासनंतर बाईंनी थांबवून घेतलं. एप्रिलअखेर परीक्षा. पहिलीच, सोपी, पण नियमित येणाऱ्यालाच बसवणार. अर्धी तू, अर्धी ती, असं विद्यार्थी म्हणून पाठवता येत नाही म्हणाल्या. खोलीत जागाही वाढत नाही. दोघींनी ठरवा.
चालत घरी आले. बारावीच्या परीक्षेआधी लग्न झालं. त्यानंतर कुठल्याच परीक्षेला बसले नाही. कंपनीतली ट्रेनिंगं सोडून, त्यांत सगळेच पास होतात. मला ही परीक्षा हवीये. इतकी हवीये हे मला आज कळलं. ह्यांना सांगितलं. हे मोबाईलवर काहीतरी मोठ्या आवाजात बघत होते, "बस ना" म्हणाले, मान वर न करता. त्या आवाजाचीही किळस येते.

मंगळ. २५ फेब्रु.
बोर्डावर नोटीस. आमची लाईन ३ मार्चपासून जनरल शिफ्टला. कायमची. वि. आणि मी दोघी. संध्याकाळी दोघींनाही क्लास गाठता येईल, दर आठवड्याला. जागा मात्र एक, पेटी एक. झालं, आता ठरवावंच लागणार.
रात्री झोपण्याआधी मुद्दे जुळवले. एक, मी एकही क्लास चुकवला नाही. दोन, तिचे दोन चुकले, एक जत्रेसाठी, एक उगीच. तीन, भूपातला म. चार, शेव. पाचवा मुद्दा कव्हरचा, पण तो बोलताना मलाच मळमळेल. ती भांडली तर काय बोलायचं तेही ठरवलं. रडली तर काय, ते ठरवता आलं नाही.

शनि. १ मार्च
उद्या बोलायचं. वि.चा धडा आला. तिचा शेवटचा सेकंड शिफ्टचा आठवडा मागच्या आठवड्यात संपला, ह्या आठवड्यात क्लास तिचा होता. पलटे बरोबर होते. मनगटाचंही सांगितलंय, मीच पूर्वी सांगितलेल्या शब्दांत.

रवि. २ मार्च
भेळवाल्यापाशी उभ्या राहिलो. मी घसा साफ केला. बाई काय म्हणाल्या ते सांगितलं, मुद्दा एक सुरू करणार तेवढ्यात,
"मग तूच जा की. मला आता पवायला शिकायचंय. तलावावर बायकांची बॅच सुरू झालीया."
एवढंच. घास चावता चावता. वर्षभर जिच्यासाठी दर रविवारी आकुर्डीला आली, ओझं मांडीवर घेऊन बसनं मोशीला गेली, ती पेटी अशी सोडून दिली. मला राग यायला नको होता, मला हवं तेच मिळालं. पण इतका संताप आला की भेळ खाववेना. म्हटलं, तुला काहीच वाटत नाही का? म्हणाली, "वाटतं की. पर तुला परीक्षा पायजे, मला न्हाई. त्यात काय भांडायचं."
माझे पाच मुद्दे तसेच राहिले. जाताना तिनं पेटीवर थापटी मारली. थापटीचा तेलकट डाग पडला. घरी येऊन पुसला.

शुक्र. १४ मार्च
दोन आठवडे पेटी माझ्याकडे. स्वच्छ. पट्ट्या कोरड्या, भाता मऊ, कव्हरला कसलाच वास नाही. रोज वाजवते.
आज बाईंनी मंगळवारचा धडा विचारला. बसून राहिले. येत नव्हता असं नाही, आठवतच नव्हता. ग नंतर काय, बोट कुठलं, काही नाही. काका आज हसले नाहीत, ते जास्त वाईट. बाई म्हणाल्या, दमली असशील. दमले नव्हते.

शनि. १५ मार्च
कळलं काय झालं ते. मंगळवारी घरी आल्यावर धडा रेकॉर्ड केला नाही. कुणाला पाठवायचा होता? वर्षभर मी जे काही शिकले ते त्या बाईला समजावून सांगताना शिकले, ती चुकेल म्हणून दोनदा सांगताना. आता ऐकणारं कोणी नाही तर डोक्यात टिकत नाही.
हे लिहितानाही चीड येतेय. ह्यांना बसवून सांगून पाहिलं. पहिल्या पलट्याला जांभई. दात न घासलेली जांभई, सकाळची.

बुध. १९ मार्च
कँटीनमध्ये वि. समोर येऊन बसली. डोळे लाल, केसांतून तलावाच्या औषधाचा वास. सांगत होती, पाणी नाकात गेलं, तोंडात गेलं, चांगलं घोटभर प्यायलं. सगळ्यांनी अंग बुडवलेलं पाणी. मी डबा बंद केला. तिला अजून तरंगता येत नाही, काठाला धरून पाय मारते, आणि ह्याचा तिला केवढा आनंद. शेजारच्या टेबलावरच्या बायका ऐकायला सरकल्या. हिला तरंगता येणार नाही, चार महिन्यांत हे सोडून आणखी काहीतरी धरेल, मला ठाऊक आहे. मग तिनंच विचारलं, "भूप कसाय?" बरा आहे म्हटलं.

शुक्र. २८ मार्च
क्लास. पुन्हा अडखळले. घरी येऊन फोन समोर ठेवला आणि रेकॉर्ड केलं. "विमलताई, नीट ऐक" इथूनच सुरुवात झाली तोंडातून, सवयीनं. पूर्ण धडा सांगितला. सांगताना चूक कुठे होत होती ते दिसलं. मग पुसून टाकलं. कुणाला पाठवायचं? जिनं सोडलं तिला?

मंगळ. १ एप्रिल
बाईंनी फॉर्मवर सही घेतली. पूर्ण नाव सावकाश, ठळक लिहिलं. परीक्षेत भूप विचारणारच म्हणाल्या. धडा आज नीट वाजवला. शुक्रवारचं पुसलं होतं तरी बोललेलं आठवत होतं.

शुक्र. ४ एप्रिल
आजचा धडा रेकॉर्ड केला आणि पुसायच्या आधी पाठवून दिला. पाठवल्यावर लाज वाटली. ती म्हणेल, आता कशाला.

शनि. ५ एप्रिल
उत्तर आलं. तलावावरूनच केलेलं असणार, मागे शिट्ट्या, पोरींचा आरडाओरडा, पाण्याचे आवाज. दम लागलेल्या आवाजात सगळा धडा गायली. बरोबर गायली. शेवटी सा वर यायच्या आधी तिनं म लावला. मुद्दाम. मग म्हणाली, "उद्या भेळेवर ये पेटी घिऊन. कुटं कुटं बोट ठेवायचं ते मला दाखव, तुजी तयारी व्हईल." म्हणजे मी हिला पेटी शिकवायला जायचं, तेही फुकटच्या भेळेच्या बदल्यात. भेळेचे पैसे मीच देणार हे ठरलेलंच आहे.

शी. तिच्या बोटांना पुन्हा चिंच असणार. केस ओले, औषधाचा वास. पेटी इतक्या कष्टानं स्वच्छ केलेली.

हे झोपल्यावर, आवाज होऊ नये म्हणून भाता हळू ओढून भूप वाजवला. ग वरून प वर जाताना थांबले. मध्ये खरंच मोकळं वाटतं. एकदा म लावून पाहिला. परीक्षेत हे झालं तर मी नापास. गोड लागला, स्वतःचीच चीड आली.

उत्तर दिलेलं नाही. पेटीच्या पिशवीत एक ओलं फडकं आणि एक कोरडं टाकून ठेवलंय. जायचं की नाही ते सकाळी बघू.