माझ्या उशाशी कोणी बसू नये

मी, कृपाबाई एलिशा ओहोळ, वय अठ्ठावन्न, धंदा नर्स व सुईण, प्रभू येशू ख्रिस्ताच्या मंडळीतली, राहणार डोंबिवली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, आज शनिवारी सकाळी आपल्या घराच्या ओसरीवर बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझे डोके जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी थोडा वेळ वाद घालून पाहावा. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नये म्हणून घरच्यांनी आठवडाभर माझे डोके खाल्ले आहे.

लिहिण्याचे कारण असे, की येत्या मंगळवारी मुंबईच्या इस्पितळात माझ्या छातीतली गाठ काढणार आहेत. डॉक्टरांनी "घाबरू नका" हे इतक्या वेळा सांगितले की मी घाबरले. हे वाक्य कधी वापरतात ते मला ठाऊक आहे, कारण मीही ते बायकांना सांगत आले आहे.

शेजारचे गोपीनाथराव कर्णिक वकिली सोडून घरी बसले आहेत, ते कायद्याची बाजू पाहण्यास आले आहेत. ते म्हणतात, "बाई, मृत्युपत्रात गप्पा लिहीत नाहीत." मी म्हटले, "गोपीनाथराव, कायदा तुमचा, आयुष्य माझे. तुम्ही चहा घ्या."

कलम पहिले. माझा देह कल्याणच्या दफनभूमीत माझे पती एलिशा यांच्या शेजारी ठेवावा. पेटी साध्या लाकडाची असावी. पाळकसाहेबांना माझा सलाम, पण त्यांनी प्रवचन आटोपशीर करावे. मेलेल्याचे गुण सांगू लागले की त्यांना आवरत नाही, आणि गुण कमी पडले तर ते पदरचे घालतात. लोक उन्हात ताटकळतात, नोकरीवाल्यांचा खाडा होतो. त्या वेळी कुठे बाळंतपण अडले आहे असा निरोप आला, तर ज्या बाईला ते काम येते तिने मला तशीच ठेवून तिकडे जावे. प्रेताला कसलीही घाई नसते.

(येथे मी उठले होते. दूध उतू जात होते आणि घरातली तिन्ही माणसे ते बसून पाहत होती.)

कलम दुसरे, सामानाबद्दल. शिवणाचे यंत्र मंडळीतल्या बायकांना द्यावे, ते झाकून त्यावर फुलदाणी ठेवणार असतील तर देऊ नये. एलिशाची हत्यारे ठाकुर्लीच्या पॉवर हाउसात त्याच्या हाताखाली शिकलेल्या रघूला द्यावीत. माझी बाळंतपणाची पेटी या कागदात घालत नाही, ती माझी भाची उत्तरा हिला मी कालच दिली. मंडळीने मला हौसेने दिलेली आरामखुर्ची माझा धाकटा भाऊ सहदेव पाटोळे यास द्यावी. मी तिच्यात कधी टेकले नाही. सहदेवाला त्या कामाचा लहानपणापासून सराव आहे. कोंबड्या मानपाड्याच्या सखुबाई म्हात्रे हिला द्याव्यात.

सहदेव आता म्हणतो, "ताई, हे खुर्चीचं असं लिहिलंच पाहिजे का?" लिहून झाले आहे. गोपीनाथराव सांगतात की खाडाखोड चालत नाही. बरेच झाले.

कलम तिसरे. हे कलम मिळकतीचे नाही, पण याच्यावाचून चौथे कलम समजणार नाही.

मी विशीत होते तेव्हा नर्सिंग शिकायला माझी निवड झाली होती. मिशनच्या मॅडमनी साडीसुद्धा दिली होती, पांढरी, निळ्या काठाची. त्याच उन्हाळ्यात आईला पक्षाघात झाला. सगळे म्हणाले, "कृपा, तू थोरली. आईला टाकून कुठे जातेस? शिक्षण काय, पुढे होईल." मी राहिले. आईचे सगळे मी केले आणि ते प्रेमाने केले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुपारची आई झोपली की मी नुसती बसून असे. लोक डोकावत आणि म्हणत, "काय गुणी मुलगी आहे!" आणि घरी जात. एकानेही म्हटले नाही की आज मी बसतो, तू जरा बाहेर फिरून ये. आई गेली तेव्हा मी तिशीला आले होते. मग मी शिकायला गेले, तर वर्गातल्या पोरी मला मावशी म्हणत.

तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली ती लागलीच. एलिशा म्हणायचा, "तू जेवतानाही कुठेतरी निघालेली असतेस." निघालेलीच असायचे. वेळ आपला नव्हे. तो देवाने वापरायला दिलेला आहे आणि त्याचे काय केलेस असे तो एक दिवस विचारणार. लोकांनी गुणी म्हणावे म्हणून बसून राहिले, असे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? ख्रिस्ती माणसाने शहाणपणाने राहावे, वेळ सार्थकी लावावा असे आम्ही दर रविवारी ऐकतो. मग उठतो, एकमेकांच्या मुलांची लग्ने जुळवतो आणि घरी जाऊन झोपतो.

उत्तरा ही सहदेवाची मुलगी. तिची आई बाळंतपणात गेली, ते बाळंतपण माझ्या हातचे नव्हते. पोर मी वाढवली. माझ्याबरोबर ती पाणी उकळायला आणि दिवा धरायला येऊ लागली, आणि आता माझ्या आधी तिला कळते की मूल आडवे आहे. मिरजेच्या मिशन इस्पितळात शिकायला तिची निवड झाली आहे. तिने येत्या गुरुवारी कल्याणहून गाडी धरायची आहे. आणि माझ्या गाठीचे कळल्यापासून ती म्हणते, "मी नाही जात. तुझ्यापाशी राहते. शिक्षण काय, पुढे होईल."

तेच शब्द! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातले भांडे मी आपटले, त्याला पोचा आला आहे, ते कोणालाही देऊ नये.

सहदेवाने तिचीच बाजू घेतली. "लोक काय म्हणतील, ताई? आजारी आत्याला टाकून गेली म्हणतील. सेवा करणं हाच तर आपला धर्म." मी म्हटले, "अगदी खरे. मग तू कर की सेवा. तुझी रजा शिल्लक आहे ना?" त्याबरोबर त्याला कल्याणची गाडी आठवली.

कलम चौथे. डोंबिवलीचे माझे घर, दोन खोल्या, ओसरी व मागचे अंगण, जे एलिशाने पॉवर हाउसातली पाळी संपवून येऊन स्वतः विटा रचून बांधले, आणि पोस्टातली माझी शिल्लक. मंडळीला घर द्यावे असे मनात होते, पण भाऊ-भाचे असताना धर्मादाय देण्याबद्दल गोपीनाथरावांनी कायद्याच्या बारा भानगडी सांगितल्या, तो विचार सोडला. सबब हे घर व शिल्लक मी उत्तरा सहदेव पाटोळे हिला देते, पुढील अटीवर.

अट अशी, की उत्तराने गुरुवारी मिरजेला जावे. माझ्या आजारपणात तिने माझ्या उशाशी एक दिवसही बसू नये, मंगळवारी इस्पितळातही येऊ नये. बसली, तर घर तिचे नाही. अट मोडली किंवा अन्य कोणत्याही कारणाने घर व शिल्लक तिच्याकडे गेली नाहीत, तर दोन्ही सहदेवाकडे जावीत.

लोक सेवा करणाऱ्याला घर देतात. मी सेवा न करणारीला देते आहे. हे वाचून कोणी डोक्याला हात लावला तरी चालेल.

आणि एक गोष्ट लिहिते, कारण देवासमोर लिहीत असताना ती लपवणे बरे नाही. मला भीती वाटते. गाठीची वाटते आणि एकटीने त्या खाटेवर पडून राहण्याची त्याहून जास्त वाटते. पोर जवळ असावी असे फार वाटते. म्हणूनच ही अट तिच्यासाठी आहे तेवढीच माझ्यासाठीही आहे. मी एकदा "राहा गं" म्हटले तर ती राहील, आणि मग तिची तिशी उलटेल.

कलम पाचवे. गोपीनाथराव म्हणाले, "पण बाई, मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. पोरीला अट गुरुवारच्या आधी कळणार कशी?" हुशार माणूस आहे. म्हणून हा कागद मी येथपर्यंत सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. ओसरीवर गोपीनाथराव, सहदेव, उत्तरा आणि मानपाड्याचा भिवा म्हात्रे होते. भिवा हा सखुबाईचा नवरा. त्याची सगळी मुले माझ्या हातावर झाली. त्याला मी साक्षीसाठी बोलावले आहे.

वाचताना उत्तराने खाली मान घातली होती. माझ्या आईच्या आजारपणाचे वाचले तेव्हा ती जरा हलली. बाकी ती एक शब्द बोलली नाही, आणि न बोलणारी उत्तरा मला परवडत नाही. मी उठून अंगणात गेले, दोरीवरचे कपडे काढले, परत आले, पुन्हा गेले. भिवा म्हणाला, "बाय, जरा बस गो. पोरीला इचार तरी करू दे." मी म्हटले, "विचार गुरुवारी कर म्हणावे, गाडीत."

मग सहदेव साक्षीला सही करायला पुढे सरसावला. गोपीनाथरावांनी त्याचा हात धरला. "अहो थांबा! ज्याला या कागदाने काही मिळतं त्यानं साक्ष घालायची नसते. तुम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्राला हा नियम आहे. सही केली तर कागद टिकतो, पण सही करणाऱ्याला जे मिळायचं ते जातं. त्याच्या बायकोचंसुद्धा जातं." सहदेवाने तापल्या तव्याला लागावा तसा हात मागे घेतला. मी विचारले, मग भिवाच्या सखुबाईच्या कोंबड्या? "गेल्या," गोपीनाथराव म्हणाले. तेव्हा कोंबड्या खुराड्यासकट आत्ताच भिवाच्या ताब्यात दिल्या आहेत. एक अंडी घालत नाही, तेही सांगितले आहे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्यास मी गोपीनाथराव कर्णिक यांना नेमते. यापूर्वी मी कोणताही असा कागद केलेला नाही, तेवढी फुरसत कधी मिळाली नाही. वर लिहिले ते सर्व खरे, ते वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही करते. पुढचे प्रभूच्या हाती.

ठिकाण: डोंबिवली
तारीख: ९ जून १९५६

सही: कृपाबाई एलिशा ओहोळ

साक्षीदार:
१. भिवा जोमा म्हात्रे, राहणार मानपाडा
२. गोपीनाथ त्र्यंबक कर्णिक, राहणार डोंबिवली
३. उत्तरा सहदेव पाटोळे, राहणार डोंबिवली

सह्यांच्या खाली लिहिलेल्याला कायद्यात किंमत नाही असे गोपीनाथराव म्हणतात. नसू दे. तिसरी सही कशी झाली ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

भिवाची आणि गोपीनाथरावांची सही झाली. मी दौतीला झाकण घालायला वाकले, तेवढ्यात उत्तराने माझ्या डोळ्यांदेखत टाक उचलला आणि सावकाश, पूर्ण नाव लिहिले.

"अगं, अगं, काय केलंस हे!" गोपीनाथराव खुर्चीतून ताडकन उठले.

"घर गेलं ना, काका?"

"गेलं! शिल्लकही गेली! सगळं तुझ्या बापाकडे गेलं!"

"बरं झालं," ती म्हणाली आणि शाईवर फुंकर घातली. मग माझ्याकडे वळली. "आता ऐक, आत्या. गुरुवारी मी मिरजेला जाणार. तू आजीचं वाचलंस तेव्हाच माझं ठरलं. पण घर मिळतंय म्हणून नाही, मला शिकायचंय म्हणून. आणि मंगळवारी मी इस्पितळात तुझ्या खाटेशी बसणार. आता मला कोणी अट घालू शकत नाही."

माझा आवाज चढला. मी म्हटले, "मंगळवारी तुला ट्रंक भरायची आहे, कपडे घ्यायचे आहेत! माझ्यापाशी बसून आख्खा दिवस वाया घालवशील!"

ती म्हणाली, "आत्या, तो एक दिवस तर मी वाया जाऊच देणार नाही."

मी दौतीचे झाकण घट्ट लावले. भिवा कोंबड्यांकडे पाहू लागला. सहदेव पहिल्यांदाच काही कामाचे बोलला, घर मी उत्तराच्याच नावे करीन म्हणाला. लेखी दे म्हटले. गोपीनाथराव म्हणतात नवा कागद करू. मी म्हटले, सोमवारी करू, दुसरे साक्षीदार आणा, आणि या पोरीला टाकापासून लांब बसवा.

तो होईल तेव्हा होईल. तोवर एवढे माझ्या हातचे राहू द्या, की मंगळवारी उत्तराने यावे. लवकर यावे. मला भूल देण्याच्या आधी यावे, म्हणजे डोळे मिटताना ती मला दिसेल.

कृपाबाई