करवत-माशीच्या नातलग ठरून हद्दपार झालेल्या मधमाश्यांबाबत अर्ज

प्रति,
मा. कीटक-ओळख अधिकारी,
बागायत कीटक मार्गदर्शन केंद्र, म्हैसूर.

विषय : मधमाशी व करवत-माशी यांचे नाते लांबचे असल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या केंद्राचे बोगादी येथील दसऱ्यापूर्वीचे व्याख्यान.

महोदय,

मी खाली सही करणारी नर्मदाबाई, बोगादीत राहते व अंगणात मधपेट्या ठेवते. आपण घरी मराठीच बोलता असे कळल्याने मराठीत लिहीत आहे. मध्ये कन्नड डोकावल्यास 'स्वल्प' सांभाळून घ्यावे.

१. आमच्या वसाहत संघाचे सचिव श्री. फत्तेसिंगराव हे माझे शेजारी. यंदा त्यांच्या मुळ्याच्या पाल्याची अळ्यांनी चाळण केली. बोट लावताच या अळ्या वेटोळे करून मेल्याचे सोंग घेत. त्यांनी सुरवंटांचे औषध मारले. अळ्या सुखरूप राहिल्या.

२. त्याच आठवड्यात आपल्या व्याख्यात्यांनी खुलासा केला की हे सुरवंट नव्हेत, करवत-माशीची पिल्ले आहेत. पोटाखालचे पाय मोजावेत. सुरवंटाला पाच जोड्यांहून जास्त नसतात, यांना असतात. मादी करवतीसारख्या अवयवाने पान चिरून त्यात अंडी घालते. या सामान्य करवत-माश्यांच्या एकाच कुळात हजारो जाती, कोणी मुळा-मोहरीवर, कोणी नेच्यावर, कोणी गवतावर. येथवर उत्तम. पण पुढे ते म्हणाले की नावात माशी असली तरी ती माशी नव्हे. मधमाशी, गांधीलमाशी व मुंगी यांच्याच गणातली.

फत्तेसिंगराव ताडकन उठले. "म्हणजे ही नर्मदाबाईंच्या घरचीच मंडळी की!"

३. पुढच्याच बैठकीत ठराव झाला : 'करवत-माशी व तिचे समस्त नातलग यांना वसाहतीत थारा नसावा.' मुंग्यांचे काय, असे मी विचारले. "मुंग्यांचे नंतर पाहू," असे उत्तर मिळाले. सचिवांच्या पत्नी गौराबाई तेवढ्या माझ्या बाजूने बोलल्या. त्यांना खाली बसवण्यात आले. पेट्या एच. डी. कोटे येथे माझी बहीण वनजा हिच्याकडे पाठवाव्या लागल्या. त्या दिवसापासून अंगणात गुणगुण नाही, आणि मला सकाळची कॉफी गोड लागत नाही.

४. इकडे सचिवांच्या मांडवावर भोपळा भरघोस फुलला, पण फळ धरेना. चिमुकले भोपळे पिवळे पडून गळू लागले. तेव्हापासून ते रोज पहाटे कानटोपी घालून, रंगाचा ब्रश घेऊन नरफुलातील पराग मादीफुलाला लावीत फिरतात. परवा कुंपणाशी येऊन म्हणाले, "साकाय्तु, पुरे झाले, नर्मदाबाई! कंबर गेली माझी. तुमच्या माणसांना परत बोलवा."

मात्र ठराव चुकला असे म्हणणे त्यांना जड जाते. सरकारी कागद आल्यास फिरवू, असे ते म्हणतात.

तरी कृपया लेखी कळवावे की गण एक असला तरी घराणी निराळी. करवत-माशीला बारीक कंबर नाही, नांगीही नाही, मधमाशीला दोन्ही आहेत. मधमाशी मुळ्याचे पान खात नाही. आणि नात्यावरून शिक्षा देण्याची पद्धत कीटकशास्त्रात नाही. त्वरा करावी, कारण वनजाला आता मधाची चटक लागली असून पेट्या परत देण्यास ती खळखळ करू लागली आहे.

आपली नम्र व सुन्या अंगणातली,
नर्मदाबाई
बोगादी, १३ डिसेंबर २००४

सोबत : ठरावाची प्रत, डबीत करवत-माशी (मृत), गळलेले भोपळे.

मीही सहअर्जदार. दाखला येईपर्यंत ब्रश माझ्याच हाती आहे, याची कृपया नोंद घ्यावी.
फत्तेसिंगराव, सचिव