रिकामी केलेली खुर्ची

प्रिय भागूबाई,

आधीचं ‘भित्री’ लिहिलं नाही, तेवढी माया समज. फोन करत नाही, कारण फोनवर तू मुळूमुळू रडतेस आणि माझं बोलणं वाया जातं. कागदावर रडलीस तरी मला दिसत नाही.

घरी ठीक. खालच्या तुझ्या दवाखान्याला कुलूपच आहे. दातांच्या त्या खुर्चीवर तुझी आई धुतलेल्या कपड्यांचा ढीग टाकते. एवढं महागाचं कपाट गल्लीत दुसरं नसेल. परवा शिंपीणबाई भेटली. तीच, जिच्या दाताचं मूळ धुताना तुझं औषध मुळाबाहेर उतरलं आणि गाल भोपळ्यासारखा फुगला. गालाची सूज कधीच उतरली. भाजीवाल्याशी अशी भांडत होती की त्यानेच हात जोडले. तिचं तोंड कायमचं बंद पडलं असतं, तर गल्लीने तुझा सत्कार केला असता.

तू मात्र त्या दिवशी हातमोजे काढलेस ते काढलेसच, आणि प्रयोगशाळेत जाऊन बसलीस. काचेच्या बशीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी ठेवायच्या, त्यांच्यावर तेच औषध सोडायचं आणि किती मेल्या ते बघायचं. तूच मला समजावलंस, या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार. कडक औषध चोरांबरोबर, म्हणजे जंतूंबरोबर, त्यांनाही मारतं, पातळ केलं की बरेचसे तगतात, फक्त धुवायला वेळ लागतो. बरं, समजलं. मग आता? जन्मभर राखणदारांची मढी मोजणार? बशी सुजत नाही, ओरडत नाही, शेजारणीला सांगत सुटत नाही, म्हणून तुला ती गोड लागते. शिकलीस ते कुणाच्या तरी तोंडात कामाला यायला नको?

हल्ली मी कमी बोलते म्हणून तुझा बाप खूश आहे. खुळा आहे. माझी डावी दाढ आतून किडलीय, ठणका कानापर्यंत जातो. नाक्यावरचा दातवाला म्हणाला, उपटून टाकू. मी म्हटलं, बोट घालून बघ, चावते. ही दाढ माझी नात वाचवणार. तेव्हा रविवारी ये. औषध पातळ कर, हात सैल ठेव, हळू सोड. मला कुठे जायचंय? गाल सुजलाच तर सुजू दे, सुरकुत्या तरी ताणल्या जातील. खुर्चीवरचे कपडे मी उचललेत. रविवारी सकाळी मी तिच्यात जाऊन बसणार, आणि तू हातमोजे घातल्याशिवाय उठणार नाही.

तुझीच, एका बाजूने चावणारी,
आजी