सुंबरानातलं जास्तीचं नाव

मुळशी, ता. ३ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. सोनालीताईस, धुळाचा सा. न. वि. वि.

वाडीवर रेंज नाही, म्हणून दुधाच्या गाडीबरोबर पत्र देतो आहे. आई बरी आहे. मेंढरं धरणाच्या पलीकडे बसवली आहेत.

तू सांगितलेले चारही प्रश्न लिहून नेले आणि प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या मृण्मयीबाईंना विचारले: आधी कोणत्या गाणाऱ्यांचं काम केलं, नेमकं काय करणार, किती दिवस, आणि छापण्याआधी मला दाखवणार का. त्या म्हणाल्या की कार्यक्रम मिळवून देणं त्यांचं काम नाही, गाणारा कोण आहे हे लोकांना कळवणं त्यांचं काम. तीन महिन्यांचं ठरलं आहे. ८ डिसेंबरला पुण्याच्या सभागृहात आपल्या ओव्या आहेतच, त्याआधी पेपरात नाव यावं एवढीच माझी इच्छा.

परवा त्यांचं प्रसिद्धीपत्रक आलं. दोनदा वाचलं, ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि मंजूर लिहून परत दिलं. फक्त एक वाक्य खटकतं. लहानपणी वारलेला थोरला भाऊ शंभू माझ्याबरोबर ओव्या म्हणायचा, असं त्यात आहे. विचारायला भीड पडली. काय करू ते कळव.

माया आहे तशीच राहू द्यावी, ही विनंती.
तुझा, धुळा

भरे, ता. ६ नोव्हेंबर

चि. धुळास, ताईचे अनेक आशीर्वाद.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. वेलांटी चुकली की तुझी झोप उडते, आणि घरात एक भाऊ जास्तीचा आला तर तुला भीड पडते. नववीत शाळा सोडलीस ते मास्तरांच्या नशिबानं.

ते वाक्य आजच्या आज काढायला सांग. जी बाई तुझ्या तोंडी खोटं घालते, ती तुला ओळख मिळवून देत नाही, तिच्या गोष्टीला देते. आणि हे आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. का ते विचारू नकोस.

जेवत जा. पत्राला उशीर नको.
तुझी, ताई

मुळशी, ता. २५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. मृण्मयीबाईंनी सरळ कबूल केलं की ते त्यांनी मनानं लिहिलं, नाव सुद्धा. घरातलं कोणी गेलेलं असलं की पेपरवाले बातमी घेतात म्हणे. तोवर छापून आलं होतं, आणि दुकानात कोणीतरी आईला वाचूनही दाखवलं.

छापलेलं खोटं डोक्यावर घेऊन देवापुढं कसं गायचं, म्हणून मी एक केलं. आपल्या घरची रीत तुला माहीत आहेच. ओव्यांच्या आधी सुंबरान मांडताना देवांमागून घरातल्या गेलेल्या गाणाऱ्यांची नावं घ्यायची, आणि दर नावापाठी एक ओळ रिकामी सोडायची. ती ज्याचं नाव घेतलं त्यानं म्हणायची. कुशाबातात्यांचा ढोलही तेवढा थांबतो. जत्रेत मी शेवटच्या कोंडाजीआज्यामागून शंभूचं नाव घेतलं. वाटलं, नाव घेतलं की खोटं फिटलं.

त्या ओळीला तात्या थांबले ते थांबलेच. मी खूण केली तरी हात उचलेनात. मागाहून म्हणाले, पोरगं म्हणतंय तवर ढोल कसा हाणू. त्यानंतर आणखी दोनदा गायलो. लोक येतात आणि त्या बारीक आवाजाचं कौतुक करतात. सगळ्यांना ऐकू येतो, ताई, मला येत नाही. मी ढोल सुरू व्हायची वाट बघत उभा असतो, आणि दर खेपेस ती वाट लांबते. आई तेव्हा माझ्याकडे बघत नाही. माझ्या डाव्या अंगाला बघते.

पुण्यात मला माझ्या गळ्यानं गायचं आहे.

लोभ ठेवावा, या वेळी जरा जास्त.
धुळा

भरे, ता. २९ नोव्हेंबर

चि. धुळास आशीर्वाद.

लपवलं ते आता सांगते. माझ्या पाठीवर, तुझ्या आधी, आईला एक मुलगा झाला होता. तीन दिवस जगला. बाराव्याला नाव ठेवायचं, तोवर राहिला नाही. नाव नाही म्हणून त्याला कधी कोणी हाक मारली नाही. ती तू मारलीस.

काल तू मेंढरांकडे होतास तेव्हा मी आईकडे येऊन गेले. ती म्हणाली, लई वर्सं बिननावाचा व्हता, आता ऱ्हाऊ दे. मी तिचं ऐकणार नाही. मला माझा जिवंत भाऊ हवा. बाईंकडून दुरुस्ती छापून घे. पुण्यात नावं कागदावर लिहून ने आणि तेवढीच वाच.

जपून राहा.
ताई

मुळशी, ता. ९ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे सगळं केलं. शुक्रवारी दुरुस्ती छापून आली. काल कागदावरची पाचच नावं वाचली, शंभूचं घेतलं नाही. ढोल जास्तीचा कुठंही अडला नाही. सभागृह भरलं होतं, टाळ्याही खूप पडल्या. आई तुझ्याकडे राहायला येणार, तुम्हा दोघींना बस गाठायची होती म्हणून भेट झाली नाही. घसा इतका हलका झाला आहे की आपला वाटत नाही. मृण्मयीबाई पुढच्या तीन महिन्यांचं विचारत होत्या. तुझ्या सल्ल्याशिवाय हो म्हणणार नाही.

प्रेम वाढतं ठेवावं.
धुळा

भरे, ता. ११ डिसेंबर

चि. धुळा,

मी आईशेजारी तिसऱ्या रांगेत होते. शंभूचं नाव तू घेतलं नाहीस, हे खरं. पण कोंडाजीआज्याच्या नंतर तू धुळाचं नाव घेतलंस. सहावं. ढोल थांबला. एक ओळ रिकामी गेली, ती कोणीच म्हटली नाही. मग पुढचं सगळं तू बारीक आवाजात गायलास. गोड होतं. लोक टाळ्या देत होते तेव्हा आईनं माझा हात धरला आणि विचारलं, धुळा कुटं गेला.

बाईंना काही कळवू नकोस. कुठं गाऊ नकोस. शनिवारी सुट्टी घेऊन येते. आई वाडीच्या चढावर माझ्याबरोबर उभी राहणार आहे. तिथून आम्ही दोघी तुझ्या नावानं हाक मारू.

ओ दे.

ताई