पाच मार्कांचे करार

२ जून २०२५, सोमवार

तिकीट आलं! नॅन्सीनं फोटो पाठवला. बारा तारखेची रात्र, तेल अवीवहून दुबई, तिथून मुंबई. मरियानं लगेच शेजारच्या मालनबाईंना भिंतीवरूनच ओरडून सांगितलं. मी दोनदा वाचलं. नाव बरोबर, तारीख बरोबर. तरी तिसऱ्यांदा वाचलं.

दोन वर्षं झाली पोरगी हैफात आहे. एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करते, तिच्याच घरात राहून. गेली तेव्हा सगळं शांत होतं. चार महिन्यांत युद्ध लागलं. म्हातारीला ती 'सावता' म्हणते, त्यांच्यात सावता म्हणजे आजी. मालनबाईंना वाटलं आपले सावता महाराज!

काल चर्चमध्ये जो तो मरियाला गाठून सांगत होता, यार्देन नदीचं पाणी आणायला सांगा, नातवाचा बाप्तिस्मा आहे. जैतुनाचं तेल आणायला सांगा. पोरगी रात्री झोपते का, हे एकानंही विचारलं नाही. पवित्र भूमी म्हटलं की तिथं बॉम्ब पडत नाहीत, अशी आमच्या मंडळीची समजूत आहे. मरियाचीही तीच. "प्रभूच्या अंगणात आहे पोरगी," म्हणते.

महिन्यापुरती येतेय का कायमची, हे विचारायची माझी हिंमत नाही.

५ जून, गुरुवार

चर्चच्या तरुण संघाचा नोहा आला होता. "सर, पंधरा तारखेला उपासनेनंतर तासभर बोला ना. अरब आणि इस्रायल, शांततेचे प्रयत्न." हो म्हणून बसलो. जन्मभर हायस्कुलात हेच शिकवलं. टीप लिहा: कॅम्प डेव्हिड करार. कारणे द्या: ऑस्लो करार यशस्वी झाला नाही. मुद्दे पाठ असले की पाचातले चार मार्क कुठं गेले नाहीत.

आज तेच मुद्दे काढून बसलो आणि घाबरलो. वर्गात कधी घाबरलो नव्हतो! इजिप्तच्या अध्यक्षांनी एकोणऐंशी साली इस्रायलशी करारावर सही केली. दोन-अडीच वर्षांत त्यांच्याच सैनिकांनी भर संचलनात त्यांना गोळ्या घातल्या. ऑस्लोवाले इस्रायलचे पंतप्रधान शांततेच्याच सभेतून निघाले आणि त्यांच्याच माणसानं मारले. शत्रू राहतो बाजूला, घरचेच जीव घेतात. बांधाच्या भांडणात मी हे कितीदा बघितलंय. तडजोड करून आलेल्या भावाला घरात पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. "इकून आला का आमाला?"

आणि खऱ्या भांडणाच्या गोष्टी — यरुशलेम कुणाचं, हद्द कुठली, घरदार सुटलेल्यांनी परत यायचं का नाही — सगळ्या नंतर बघू म्हणून ठेवल्या. आपल्याकडं वाटणीत विहीर अशीच नंतर बघू म्हणून ठेवतात. मग विहिरीवरूनच डोकी फुटतात.

मरिया म्हणाली, "भाषण आहे का मयताची प्रार्थना? काहीतरी चांगलं सांगा पोरांना." चांगलं काय सांगू? शोधतोय.

९ जून

मरियानं शेवया काढून ठेवल्या. मी पंख्याखाली पडून विमान कुठल्या कुठल्या देशांवरून येईल ते मोजतो.

१२ जून, गुरुवार

अहमदाबादला विमान पडलं. उडालं आणि पडलं. टीव्हीवर तेच तेच दाखवत होते, धूर, इमारत, शेपूट. आणि आज रात्री माझी पोरगी विमानात बसणार!

मी ताकही फुंकून पिणारा माणूस. मरिया म्हणते, फुंकून फुंकून तुम्ही ताक सांडून ठेवता. ती स्वयंपाकघरात होती. मी मागच्या अंगणात जाऊन नॅन्सीला फोन लावला. म्हणालो, आज बसू नकोस. आठवडाभर थांब, मग ये. त्या विमानाचा आणि हिच्या विमानाचा काय संबंध, हे मलाही कळत होतं. तरी बोलत राहिलो. "बरं पप्पा," म्हणाली.

घरात येऊन मरियाला सांगितलं. ती पदरानं हात पुसत राहिली. मला मात्र बरं वाटलं. आज झोप लागेल.

१३ जून, शुक्रवार

पहाटे युद्ध लागलं. इस्रायलनं इराणवर हल्ला केला. विमानतळ बंद. अख्खं आकाश बंद.

काल बसली असती तर या वेळी दुबईत असती. संध्याकाळपर्यंत घरी.

मी थांब म्हणालो. मी!

१४ जून, शनिवार

रात्री इराणची क्षेपणास्त्रं आली. नॅन्सी आणि सावता तळघरात होत्या. म्हातारीला जिना उतरता येत नाही, नॅन्सी तिला पाठीवर घेते. बोलताना मागं भोंगा सुरू झाला आणि फोन कट झाला. परत लागेपर्यंत मी तोच नंबर दाबत राहिलो.

मरियानं अबोला धरलाय. कालपासून एक शब्द नाही. रागवायचा तिला हक्कच आहे. दुपारी मालनबाईंना बोलावून त्यांच्या तोंडून निरोप. मी समोर खुर्चीवर, मरिया चुलीपाशी, आणि मध्ये मालनबाई: "फिलिप सर, बाई म्हनत्यात भाकरी झाकून ठिवलीया, खाऊन घ्या." मी म्हणालो, बाईंना सांगा भूक नाही. मालनबाई जागच्या हलल्या नाहीत, नुसती मान वळवली. "बाई, सरांला भूक न्हाई." मग कपाळाला हात लावला. "आवं, हितंच हायत की तुमी दोघं बी!"

१५ जून, रविवार

भाषणाला उभा राहिलो. तरुण पोरं, पाठीमागं वडीलधारी. फळ्यावर '१९७८' लिहिलं आणि पुढं हात चालेना. रात्री हैफावरच मारा झाला होता. तेलाच्या कारखान्याच्या ज्वाळा टीव्हीवर दिसत होत्या. सकाळी नॅन्सीचा एकच शब्द आला होता — 'ठीक'. खडू ठेवला, खाली बसलो. पाळकांनी प्रार्थना घेतली. मरिया बायकांच्या बाजूला मान खाली घालून बसली होती. वर बघितलंच नाही.

परतताना किराणा दुकानातल्या छगननं हटकलं. "सर, तुमची ताई तिकडंच हाय ना? लई दावत्यात टीव्हीवर. आमी बी बगतो रातच्याला." तो काळजीनंच म्हणाला. मला मात्र त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

१७ जून, मंगळवार

आमच्या अबोल्याचं नॅन्सीला कळलं. तळघरातून तिनं व्हिडिओ कॉल केला. "मम्मी, पप्पांशी बोल." मरियानं नाही म्हणून मान हलवली. "पप्पा, तुम्ही बोला." मी म्हणालो, तुझी आई ऐकत नाही. मग तिनं आईला एकटीलाच फोन केला, मग मला, मग परत आईला. वर क्षेपणास्त्रं आणि पोरगी खाली बसून आमचं भांडण मिटवतेय! लाज वाटली.

कॅम्प डेव्हिडलाही हेच होतं. दोन नेते एकमेकांचं तोंड बघेनात, म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष कागद घेऊन या खोलीतून त्या खोलीत खेपा घालत होते. दहाएक दिवस. वर्गात मी हे गंमत म्हणून सांगायचो, पोरं हसायची.

"पप्पा, मम्मी रागावलेली नाही," नॅन्सी म्हणाली. माझं मन राखायला म्हणाली, दुसरं काय.

१८ जून

आज फोन नाही. मालनबाईही आल्या नाहीत. घरात फक्त टीव्ही बोलतो.

२० जून, शुक्रवार

भारताच्या दूतावासाची सूचना आलीय. परत यायचंय त्यांनी नाव नोंदवा. आकाश बंद आहे म्हणून जमिनीवरून सरहद्द ओलांडायची, जॉर्डनमध्ये नाहीतर इजिप्तमध्ये. तिथून विमान.

जॉर्डन आणि इजिप्त. पुन्हा वाचलं. जुना नकाशा काढून जमिनीवर पसरला. वर लेबनॉन — करार नाही, वाट नाही. सीरिया — करार नाही, वाट नाही. इजिप्तशी करार एकोणऐंशीचा. जॉर्डनशी चौऱ्याण्णवचा. ज्यांच्याशी कागद झाला त्याच दोन दारांनी माझी पोरगी बाहेर पडू शकते!

आणि मी वर्गात काय सांगत आलो? "ही कागदावरची शांतता, मुलांनो. मनं जुळली नाहीत." नाही जुळली, खरंय. तिकडची माणसं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पण फाटक उघडं राहिलं. मधली सगळी वर्षं, एवढं रक्त सांडलं, तरी कुणी ते कायमचं लावून घेतलं नाही. एकाचा त्यापायी जीव गेला. हा मुद्दा मी एकाही पोराला लिहून दिला नाही. कुणी लिहिला असता तर बहुतेक मार्क कापले असते.

नॅन्सीनं नाव नोंदवलं. म्हणजे आता रस्त्याची भीती.

२१ जून, शनिवार

उद्या सकाळी बस. हैफापासून जॉर्डनच्या सरहद्दीवरचा पूल लांब नाही म्हणे. पण रस्ता उघडा, डोक्यावर आभाळ. तळघर निदान भक्कम तरी आहे. म्हातारीचा मुलगा आईला घेऊन जायला आलाय. तोही म्हणाला, जा. सावता मात्र हिचा हात सोडत नव्हती.

नॅन्सीनं विचारलं, "पप्पा, जाऊ का थांबू?"

मागच्या वेळी मीच थांब म्हणालो होतो! म्हटलं, मम्मीला विचार. फोन मरियाकडं दिला. तिनं तो कानाला लावला, ऐकलं. फोन परत माझ्या हातात ठेवला. तिचा हात बर्फासारखा गार होता.

काहीच न बोलता ठेवून द्यावा असं वाटलं. देवा, मला नको विचारूस असं वाटलं. मग म्हणालो, "नीघ." माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

२२ जून, रविवार, सकाळ

अमेरिकाही युद्धात उतरली. हैफात आत्ता क्षेपणास्त्र पडलं, भोंगा वाजलाच नाही असं टीव्हीवर सांगतात. बस निघाली का? निघायची होती का? फोन लागत नाही. चर्चला गेलो नाही. मरियाही नाही. ती आतल्या खोलीत गुडघ्यावर आहे. मी बाहेर. प्रार्थनेचे शब्दसुद्धा आठवत नाहीत, प्रभू, प्रभू, एवढंच.

२२ जून, संध्याकाळ

मेसेज आला. 'पूल ओलांडला. जॉर्डनमध्ये आहे. जेवले.'

मरियाला वाचून दाखवला. ती भिंतीला टेकून खाली बसली. मग नऊ दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "अहो, त्या दिवशी तुमच्या आधी मीच फोन केला होता तिला. स्वयंपाकघरातून. विमान पडलेलं बघून. बसू नकोस म्हणाले, शपथ घातली. तुम्ही अंगणात गेलात तेव्हा तिकीट रद्द झालेलं होतं. तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत... मला सांगवेना."

आता उठून उंबऱ्यात उभी आहे, मी काय म्हणतो त्याची वाट बघत. आणि मी इथं लिहीत बसलोय.