खिशात अडकलेला निरोप

सोमवार, ता. १२

वीज गेली. टॉवर गेला. गल्लीत स्कूटरच्या सीटपर्यंत पाणी. आणि मी खूश! — हे फक्त इथे लिहितोय.

उन्हाळ्यात सोसायटीच्या सभेत कंठशोष करून सांगत होतो, भाच्याने निरोपांचं ॲप केलंय, आपापल्या फोनमध्ये घालून घ्या. इंटरनेट लागत नाही, टॉवर लागत नाही. दोन फोन एका खोलीच्या अंतरात आले की एकातले निरोप दुसऱ्यात उडी मारतात, दुसऱ्यातले तिसऱ्यात. काय 'आहे' आणि काय 'हवं' तेवढं लिहायचं, घराचा नंबर टाकायचा. तेव्हा सगळे हसले. बँकवाले म्हणाले, "टेलिफोन खातं सुटलं तरी खाज काही सुटत नाही."

आज तेच बँकवाले सकाळी सातला दारात. मेणबत्ती हवी होती त्यांना.

दिवसभर प्रत्येक मजल्यावर जाऊन माझ्या फोनवरून सगळ्यांच्या फोनमध्ये ते ॲप घालून दिलं. संध्याकाळी विजयी मुद्रेने जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उतरलो. घोट्याचा भोपळा झालाय. ही शेक देता देता म्हणाली, "निरोपांनी उडी मारायची होती, तुम्ही नव्हे."

मंगळवार, ता. १३

पाय उशीवर. पण कारभार जोरात! पलीकडच्या इमारतीतून स्टोव्ह आला, इथून तिकडे तांदूळ गेले. शिंपीणबाईंनी लिहिलं — 'आहे: जुने पडदे. कुणाची गादी भिजली असेल तर न्या.' एकाने लिहिलं — 'हवी: शांतता. तिसऱ्या मजल्यावरच्या गाणं शिकणाऱ्यांनी कृपा करावी.' बँकवाले: 'आहे: सल्ला.' तो अजून कुणी नेलेला नाही.

एकच गोष्ट खटकते. दोन्ही इमारतींची गच्ची जोडलेली आहे, पण या पावसात तिकडून इकडे येणार कोण? एकच बाई. वारावहिनी! राहतात पलीकडे, वावरतात सगळीकडे. दार उघडं दिसलं की आत, आत आल्या की स्वयंपाकघरात, तिथे पातेल्यावरचं झाकण वर. "काय केलंय आज?" खाणार-पिणार काही नाही हां, घोटभर चहासुद्धा घेत नाहीत कुणाकडे. नुसतं डोकावायचं. या बाईंच्या कमरेला खोचलेल्या फोनवर माझी सगळी यंत्रणा चालते. बँकवाले त्यांना चालता टॉवर म्हणतात. मला काही हसू आलं नाही.

आमच्याकडे मात्र त्या येत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी मी दारावर कागद चिकटवला — 'कामाशिवाय येऊ नये.' त्यांनी तो मोठ्याने वाचला, "बरं बाई," म्हणाल्या, आणि गेल्या.

दुपारी पुन्हा चौघे आले — याचं बटण कुठे, त्याचं कुठे. शेवटी म्हटलं, आता मला जरा पडू द्या.

बुधवार, ता. १४

कुणी आलं नाही. छान झोप झाली.

हिची इन्सुलिन संपत आलीय. सोमवारी आणायची होती. बाटली आडवी करून पाहिली, उद्या सकाळपुरती आहे. औषधवाला पलीकडच्या इमारतीत राहतो, दुकान बुडालं असलं तरी घरात साठा असणारच. मी लगेच निरोप लिहायला घेतला. ही म्हणाली, "माझ्या नावाने नको. सगळ्यांना माझी साखर कशाला कळायला हवी?" म्हणून लिहिलं — 'हवी: इन्सुलिन, तातडीने. आमच्याकडे ४०२ मध्ये आलेल्या पाहुण्यांसाठी.' खाली औषधाचं पूर्ण नाव.

या पुरात पाहुणे पोहत आले असावेत.

गुरुवार, ता. १५

सकाळचं इंजेक्शन झालं. बाटली रिकामी. उत्तर नाही. औषधवाल्यावर चिडलो. माणुसकी म्हणून काही असते की नाही!

शुक्रवार, ता. १६

ही सारखी पाणी पितेय. उठली की भोवळ येते. मला भीती वाटतेय.

दुपारी फोन नीट पाहिला. निरोपाखाली बारीक अक्षरांत — 'अजून कुणाला मिळालेला नाही.' बुधवारपासून निरोप माझ्याच खिशात! साऱ्या इमारतीचे तांदूळ-पडदे पोचले, आणि हे ॲप ज्याने आणलं त्याच्या दारी कुणी फिरकलेलंच नाही. शेजारचं घर बंद, आमचं घर टोकाला, आणि दारावर माझ्याच हस्ताक्षरात ती पाटी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मी जिना उतरू शकत नाही. अशा भोवळीत हिला त्या अंधाऱ्या जिन्यावर पाठवणार नाही. म्हटलं, गॅलरीतून ओरडतो. ही म्हणाली, "गल्लीभर माझी साखर ओरडलात तर बघा." मग डोळे मिटून पडली. तशीच म्हणाली, "भांडा माझ्याशी."

"काय?"

"आवाज चढवा. वारावहिनी जिथे असतील तिथून येतील."

दार उघडं टाकलं, तो कागद फाडला, आणि आम्ही भांडायला बसलो. मी पहिल्यांदा मिठावरून सुरुवात केली. जमेना. ही म्हणाली, "मोठ्याने! सासूबाईंसमोर ओरडायचात तसं." मग तिने माझ्या बहिणीच्या लग्नातली साडी काढली. मग मी तिच्या भावाची स्कूटर काढली. दोन ताटल्या आपटल्या. साधारण भावाच्या स्कूटरपाशी भांडण खरं झालं. तिच्या डोळ्यांत पाणी, माझा आवाज बसलेला, आणि दारात — वारावहिनी! पदर भिजलेला, धाप लागलेली.

"काय झालं? झाकण कुणी आपटलं?"

माझा फोन खिशात टुण्ण वाजला. निरोप गेला. दोन दिवसांत इतका गोड आवाज ऐकला नव्हता.

त्यांनी आपला फोन काढून वाचला. हिच्याकडे पाहिलं. रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. पाहुणे कुठे आहेत, हे विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काही न विचारता गेल्या.

अर्ध्या तासात दाराच्या कडीला पिशवी. थर्मास, आत थंड पाण्यात पिशवीबंद बाटली. हिच्याच इन्सुलिनची, तीच. तीनदा नाव वाचलं. सोबत चिठ्ठी नाही.

ही निजलीय आता. औषधवाल्याला उगाच शिव्या दिल्या. माणूस देवासारखा आहे.

रविवार, ता. १८

पाणी ओसरलं. ही उठून बसते, मला बोलते, म्हणजे बरी आहे. भावाची स्कूटर अजून संपलेली नाही. सोसायटीने माझा सत्कार करायचं ठरवलंय. नको नको म्हणालो, दोनदाच.

सोमवार, ता. १९

औषधवाला आज परतला. पूर येण्याआधीपासून मुलीकडे होता, घराला कुलूप.

थर्मास घेऊन मी गॅलरीत बसून राहिलो. चार वाजता वारावहिनी आल्या, सरळ स्वयंपाकघरात, झाकण वर. हिने काही न विचारता कपभर चहा पुढे ठेवला. "बिनसाखरेचा आहे," म्हणाली.

वारावहिनींनी झाकण खाली ठेवलं. "दोनच होत्या माझ्याकडे," म्हणाल्या, "एक पुरली मला." मग बसल्या, आणि सगळा चहा प्यायल्या.